पैसे न घेता केलेला गुन्हा



वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एक शेतकरी माझ्याकडे आला. वडील वारले, वारसनोंदीचा अर्ज देऊन आठ महिने झाले, फेरफार काही मंजूर होईना. "वकीलसाहेब, केस टाका." मी विचारले, पैसे मागितले का? तो म्हणाला, "तेवढं मागितलं असतं तर देऊन मोकळा झालो असतो की!"

मी दंडसंहिता उघडली. कलम १६६ होते. पण लोकसेवकाने नुकसान करण्याच्या हेतूने किंवा नुकसान होईल हे जाणून कायदा मोडला, हे दाखवा म्हणत होते. पडून राहिलेल्या कागदाचा हेतू कुठून काढायचा? पुढे २००५ चा दफ्तर दिरंगाई कायदा आला. एका टेबलावर फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात लिहिले आहे. राहिली तर? जाणूनबुजून केलेला विलंब असल्यास शिस्तभंगाची कारवाई. गुन्हा नाही.

लोक ज्याला सरसकट भ्रष्टाचार म्हणतात, त्यातले कायदा फार थोडे उचलतो. मुळात लोकसेवक कोण, इथूनच वाद. मुख्यमंत्री राहिलेल्या अंतुले यांच्यावरचा खटला आपल्याच राज्यातला. मुख्यमंत्रिपद गेल्यावर ते आमदार होतेच. मग लोकसेवकावरील खटल्याला लागणारी पूर्वमंजुरी इथे लागते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ साली घटनापीठाने सांगितले की दंडसंहितेच्या कलम २१ प्रमाणे आमदार लोकसेवकच नव्हे; शिवाय ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटले असेल, तर मंजुरीची गरज नाही. १९८८ च्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याने व्याख्या रुंद केली. तरी १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात गंमत झालीच: खासदार लोकसेवक ठरले, पण पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्यांना संरक्षण मिळाले आणि पैसे घेऊन मत न देणारा मात्र अडकला! हे दुरुस्त व्हायला मार्च २०२४ उजाडावा लागला. सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींनी तो निकाल पुसला.

पण आज मला बोलायचे आहे ते १९८८ च्या कायद्याच्या कलम १३ बद्दल. त्यातील पोटकलम १(ड) मध्ये एक वाक्य होते: सार्वजनिक हित नसताना कोणालाही मौल्यवान वस्तू किंवा आर्थिक लाभ मिळवून देणे हे फौजदारी गैरवर्तन. स्वतः दमडी घेतली नाही तरी. हेतूचा उल्लेखही नाही. त्यामुळे चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय एकाच पिंजऱ्यात उभे राहू लागले. स्वच्छ अधिकारी सही करायला कचरू लागले. त्यांची तक्रार खरी होती. सेवानिवृत्तीनंतर जुन्या टिपणीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणारी माणसे मी पाहिली आहेत.

कायद्यातील दुरुस्तीने २६ जुलै २०१८ पासून १(ड) गेले. सगळेच गेले. आता गैरवर्तनात उरले दोनच प्रकार: ताब्यातील मालमत्तेचा अपहार आणि उत्पन्नाशी विसंगत संपत्ती. लाचेचे कलम ७ आहे, पण ते गैरलाभ घेण्याभोवती फिरते. मेव्हण्याला कंत्राट द्यावे, बदल्यात कपभर चहाही पिऊ नये, तर लाचलुचपतीच्या कायद्यात त्याला पकडणे अवघड. फार तर न्यासभंगाचे कलम ओढूनताणून लावायचे. माझ्या मते हा दुखऱ्या दातासाठी जबडा काढण्याचा प्रकार झाला. 'अप्रामाणिक हेतूने' एवढे शब्द घातले असते तरी भागले असते.

वर कलम १७-अ: पदावर असताना घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीलाच आधी परवानगी. रंगेहाथ सापडलेल्याला ती लागत नाही, म्हणजे सापळ्यात पाचशे रुपयांसाठी अडकलेला कारकून तसाच पकडला जातो. मोठ्या फाईलवर सही करणारा परवानगीच्या आडोशाला. चौकशीनंतर खटल्याच्या मंजुरीचा प्रश्न येतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर खटल्याची मंजुरी मिळाली असे मानतात. १९८८ च्या कायद्यात असे मानण्याची सोय नाही.

तेव्हा या वकील परिषदेच्या समारोपाच्या सत्रात दोन ठराव मांडावेत, अशी माझी विनंती आहे. वगळलेले कलम हेतूच्या अटीसह परत आणावे. आणि मंजुरीची मुदत टळली की ती मिळाली असे याही कायद्यात मानावे. मसुदा मी सोबत आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचा, खाडाखोड करा आणि सह्या करून द्या.