वाळू आधी वाळवा

कामगार बंधूंनो,

मोहाच्या भट्टीची असो वा कारखान्याची, तांब्याची नळी तापवून हाताने वाकवताना ती चेपटू नये म्हणून आपण तिच्यात वाळू ठासतो. इथे तिलवारा घाटावर नर्मदेची वाळू हाताशी आहे. पण ती ओली असते. दोन्ही तोंडे बंद करून नळी तापवली, की आतल्या पाण्याची वाफ होते आणि बूच गोळीसारखे उडते. म्हणून वाळू चाळा, कढईत भाजा, मगच भरा. नळी मंद लाल झाली, की ओंडक्याभोवती हळूहळू वळवा.

वाळू भाजण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. तो मजुरीत धरलाच पाहिजे, ही आपली मागणी. घाईची किंमत मालक मोजत नाही. आपले डोळे मोजतात.