फिस्टुलाचा हात जपा

१९६५ साली परळच्या केईएम रुग्णालयात मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. रोपण झालं नाही, तरी मूत्रपिंडं निकामी झालेल्या कितीतरी जणांना आज डायलिसिसचा आधार आहे: बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चारेक तास. त्यासाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. हाच फिस्टुला. त्यावर बोटं ठेवली की सतत थरथर जाणवते. ती रोज तपासा. थांबली तर लगेच डॉक्टरांना गाठा. या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, डायलिसिसखेरीज सुई टोचू देऊ नका. घट्ट बांगडी नको, जड पिशवीही नको. आणि दादरला गर्दीत कुणी हात सांभाळत गाडीत चढलं, तर त्यांना बसायला जागा द्या.