जोड कुणी लावली?

मी अंथुर्ण्यातनं बोलतोय. आजचा विषय फुटबॉलचा, पण सुरुवात कुस्तीपासून करू. जत्रेच्या आखाड्यात आपलं पोरगं चितपट झालं की जाणती माणसं आधी विचारतात, "जोड कुणी लावली?" पडतं पोरगं, पण त्याला कुणासमोर उभं करायचं हे वस्ताद बघतो.

आता ११ जुलै २०२१ ची रात्र आठवा. वेम्बली, युरो कपची फायनल, इंग्लंड विरुद्ध इटली. १-१ बरोबरी आणि मग पेनल्टी शूटआउट. रॅशफर्ड, सांचो, साका, तिघांच्याही पेनल्टी हुकल्या. रॅशफर्ड आणि सांचोला तर एक्स्ट्रा टाइम संपता संपता मैदानात उतरवलं होतं. साका फक्त १९ वर्षांचा. तिघांनाही सोशल मीडियावर रंगावरून घाण शिव्या पडल्या.

कोच गॅरेथ साउथगेटनं सरळ सांगितलं, पेनल्टी कुणी मारायची हे मी ठरवलं, सरावात बघून ठरवलं, जबाबदारी माझी. १९९६ च्या युरो सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध त्याची स्वतःची पेनल्टी हुकली होती. एकटं पडणं त्याला माहीत होतं.

यात एक गोष्ट बघा. "सॉरी, हरलो" असं मोघम नाही. कोणता निर्णय माझा, तेवढंच नेमकं सांगितलं. म्हणून ते खरं वाटलं.

आपल्याकडं उलटं काय झालं? १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हॉकीच्या फायनलला पाकिस्ताननं आपल्याला ७-१ नं हरवलं. खेळले अकरा जण, पण बोट दाखवलं गेलं गोलकीपर मीर रंजन नेगीकडं. मॅच विकली म्हणण्यापर्यंत लोकांची मजल गेली. तो डाग त्यानं कित्येक वर्षं सोसला.

जबाबदारी घेणं म्हणजे पोराची चूक झाकणं नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडनं पन्नास पेनल्टी मारून घ्याच. पण चारचौघांत "तुझ्यामुळं हरलो" म्हणालात, तर पुढच्या मॅचला तो पेनल्टी मागणारच नाही. पाय दुखतोय म्हणेल. मग पोरगं मैदानावर यायचंच बंद होतं.

आणि साका? ६ जुलै २०२४, पुन्हा युरो, स्वित्झर्लंडविरुद्ध शूटआउट. कोच तोच. साका पुढं आला आणि गोल मारला. इंग्लंडच्या पाचही पेनल्टी आत गेल्या.

तेव्हा गावात टीम सांभाळणाऱ्या दादांनो, ताईंनो, हरल्यावर पोरांसमोर पहिलं वाक्य "टीम मी निवडली होती" हे असू द्या. बाकीचं सरावाला बोला.

भेटू पुढच्या भागात. राम राम!