रांगण्यापासून पुन्हा आरंभ



घरात कोणाला पक्षाघाताचा झटका आला, की पहिले काही दिवस मोठी धावपळ होते. रुग्णालय, औषधे, भेटीस येणारी मंडळी. पुढे घर आपापल्या कामास लागते आणि रुग्ण पलंगावर एकटा उरतो. खरे काम तेव्हा सुरू होते, आणि ते रुग्णाचे स्वतःचे असते.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये पेद्रो बाख-इ-रिता नावाचे प्राध्यापक होते. १९५९ साली, वयाच्या पासष्टीत, त्यांना पक्षाघात झाला. अर्धे शरीर लुळे पडले, वाचा गेली. मेक्सिकोत वैद्यकाचे शिक्षण घेणारा मुलगा जॉर्ज त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. तेथे चार आठवड्यांच्या उपचारांनंतरही फरक दिसेना. मूल आधी रांगते, मग चालते. वडिलांनीही तसेच करावे, असे त्याने ठरविले. अधू खांदा भिंतीला टेकवून प्राध्यापकमहाशय कित्येक महिने रांगले. ते बाहेर रांगू लागताच शेजारी कुरकुरले, की एवढ्या विद्वानास जनावरासारखे रांगावयास लावणे शोभत नाही. आपल्याकडेही हेच म्हटले गेले असते, किंबहुना अधिक मोठ्याने! पण त्या गृहस्थांनी लाज बाजूस ठेवली. खाली पडलेली नाणी अधू हाताने वेचावयाची. चांगल्या हाताने पातेले धरून अधू हाताने ते पंधरा मिनिटे एका दिशेने, पंधरा मिनिटे उलट दिशेने घासावयाचे. हाच व्यायाम. अडुसष्टाव्या वर्षी ते पुन्हा पूर्णवेळ शिकवू लागले.

त्यांच्या निधनानंतर मेंदूची तपासणी झाली. मेंदूकडून कण्याकडे जाणारे बहुतेक मज्जातंतू नष्टच झालेले होते. इजा भरून आलीच नव्हती. उरलेल्या मेंदूने सरावाने ते काम अंगावर घेतले होते.

प्रत्येकास एवढे यश येतेच असे नाही. शिवाय पक्षाघातानंतर मन खचणे हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो. त्यास आळस न म्हणता डॉक्टरांना सांगावे. परंतु मायेपोटी घास भरविणे, सदऱ्याची बटणे लावून देणे, ही माया महागात पडते.

दुकानात आयुष्य गेलेल्या माणसास रबरी चेंडू दाबण्याचा कंटाळा येतो. फिजिओथेरपिस्टना विचारून त्याच्यापुढे कापडाचा तुकडा घडी घालावयास ठेवावा, नोटा मोजावयास द्याव्यात. दहा नोटांना अर्धा तास लागला, तरी ती गड्डी त्याच्या हातून काढून घेऊ नये.