शर्यतीच्या आधी

हिवाळा सुरू झाला की आमच्या सिल्वासा परिसरातील शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या रेघा उमटू लागतात. मग जी मुले जूनपासून मैदानाकडे फिरकली नाहीत, ती शर्यतीपूर्वी आठ दिवस ऊर फुटेस्तोवर धावतात. ही तयारी नव्हे. शेवटच्या आठवड्यात नवे बळ येत नसते. आधी कमावलेले बळ विश्रांतीने आणि झोपेने टिकवायचे असते.

डोंगरांपलीकडे नाशिक जिल्ह्यात सावरपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथील कविता राऊत यांनी ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, आणि अवघ्या सहा आठवड्यांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य. तेथे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या झाल्यावर सुवर्णविजेत्या प्रीजा श्रीधरन त्यांच्यापुढे एका सेकंदाहूनही कमी होत्या! असे यश आदल्या दिवशीच्या धावपळीने मिळत नाही.

आमची मुलेही पाड्यापाड्यांतून येतात, काटक असतात. परंतु शर्यतीच्या दिवशी पुष्कळजण उपाशीपोटी निघतात. रिकाम्या पोटी पाय हलके पडतात, ही समजूत खोटी आहे. धावण्याआधी दोन-तीन तास नाचणीची भाकर किंवा एखादे केळे पोटात असावे. ते घरी मिळाले नसेल, तर विचारपूस करणे हे शिक्षकाचे काम आहे. आणखी एक गोष्ट. कोणी उदार गृहस्थ त्याच सकाळी नवे बूट वाटतात. हेतू चांगला, पण अनवाणी धावण्याची सवय असलेल्या मुलाच्या टाचेला दुसऱ्याच फेरीत फोड येतो. बूट महिनाभर आधी द्यावेत, नाहीतर शर्यत झाल्यावर. प्रारंभापूर्वी दहा मिनिटे संथ धावावे, म्हणजे स्नायू तापतात; मग दोन-चार छोट्या वेगवान धावा पुरेत.

आता मनाविषयी. रेषेवर उभे राहताच छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात गार होतात. मुलाला वाटते, आपण भ्यालो. वास्तविक अॅड्रिनलिन नावाचा स्राव रक्तात मिसळून शरीरच धावण्यास सज्ज होत असते. हे मुलाला आधी समजावले, तर तीच धडधड त्याला आधार वाटते. नुसते ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने भीती दुणावते. आणि ‘पहिलाच ये’ म्हणणारे वडील तर तिच्यात भरच घालतात. भ्यालेले मूल लांबच्या शर्यतीतही पहिल्या फेरीतच सारे बळ उधळते. त्याला एकच लहान काम सांगावे : पहिली फेरी आपल्या श्वासाकडे लक्ष ठेवून धाव, शेजाऱ्याकडे पाहू नकोस.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. पाण्याचा माठ प्रारंभरेषेजवळ ठेवावा. बहुधा तो पाहुण्यांच्या मंडपात असतो.