धन कोणते, ऋण कोणते?



जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या विजेवर चालतात. तेथील कामगारांची मुले विजेच्या गोष्टी घरी ऐकतात. परंतु मंडलातील वस्तूचे कोणते टोक धन व कोणते ऋण, हे त्यांस शाळेनेच शिकविले पाहिजे.

घटाची अग्रे त्याच्या आतील रासायनिक क्रियेने ठरतात. केवळ प्रवाहाची दिशा पालटल्याने ती पालटत नाहीत. संचायक घट भारित होत असता प्रवाह धन अग्रातून आत शिरतो, तरी ते अग्र धनच राहते. रोधकास असे स्वतःचे धन-ऋण नाही. प्रवाह ज्या टोकाने आत शिरेल ते धन. ज्या टोकाने बाहेर पडेल ते ऋण.

उदाहरणार्थ, दीड व्होल्टचे 2 घट एकसर जोडून 3 व्होल्ट विभवांतर घ्यावे व त्यास 100 आणि 200 ओहमचे रोधक एकामागून एक जोडावेत. घटांचा अंतर्गत रोध नगण्य मानल्यास प्रवाह एक शतांश अँपिअर येतो. पहिल्या रोधकावर 1 व्होल्ट, दुसऱ्यावर 2 व्होल्ट. बेरीज घटांच्या 3 व्होल्टइतकीच. किरखॉफ यांनी 1845 साली मांडलेला नियम तो हाच.

दोहोंमधील बिंदू पहिल्याचे ऋण व दुसऱ्याचे धन टोक कसा, असे मूल विचारील. त्यास कुंडलिका नदी दाखवावी. जालन्याचा तिचा काठ उगमाहून खाली, पण दुधनेच्या संगमाहून वर आहे. उंचसखलपणा तुलनेने ठरतो, तद्वत धन-ऋणही.

प्रवाहाची दिशा ठाऊक नसल्यास एक दिशा मानून गणित करावे. उत्तर ऋण आले, तर खरी दिशा उलट समजावी. गणित चुकले असे नव्हे.

वर्गात 2 घट, 100 ओहमचा रोधक व तांबडा एलईडी दिवा पुरे. दिवा उलट जोडल्यास पेटत नाही. तो बिघडला म्हणून टाकण्यापूर्वी टोके पालटून पाहण्यास मुलांस सांगावे.

मात्र घरातील वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदास 100 वेळा पालटते. तेथे कायमचे धन-ऋण नाही, आणि स्पर्श जीवघेणा ठरू शकतो. म्हणून मुलांचे प्रयोग केवळ घटांवरच व्हावेत. आज घटाचे चिन्ह पाहून तार जोडणारे मूल उद्या यंत्रापाशीही अंदाजाने हात घालणार नाही.