जिद्दीची किंमत कोण भरतं?

(नारायण पेठेत झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



'ध्येय आणि स्वतःची काळजी' या विषयावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक बाईला आपण सांगतो, 'बाई गं, आधी स्वतःकडे बघ.' आणि आपण स्वतः? दुपारचा डबा संध्याकाळी पाचला उघडतो. त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाही. मी एक जुनी गोष्ट पुन्हा तपासायची म्हणतेय, आणि एक माझी स्वतःची.

आपण आज नारायण पेठेत बसलो आहोत. इथून थोडं चाललं की लक्ष्मी रस्त्यावर हुजूरपागा. ही शाळा १८८४ साली सुरू झाली. मुलींना हायस्कूलचं शिक्षण द्यावं का, दिलं तर कोणतं द्यावं, यावर तेव्हा पुण्यातली वर्तमानपत्रं भांडत होती. नेमक्या त्याच वर्षी आपल्याकडची एक एकोणीस वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाला डॉक्टरकीचा अभ्यास करत होती. आनंदीबाई जोशी.

त्यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं. तिथून डॉक्टर होण्याची जिद्द. ११ मार्च १८८६ ला पदवी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू. पदवीला वर्षही झालं नव्हतं, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरला त्या रुजू होऊ शकल्याच नाहीत.

आठ मार्चच्या कार्यक्रमांत मी ही गोष्ट कितीतरी वर्षं सांगत आले. शेवट नेहमी एकच: ध्येयासाठी तिने देह झिजवला! टाळ्या पडायच्या. आता मला त्या टाळ्यांची भीती वाटते. समोर बसलेल्या मुलींना मी नेमकं काय शिकवत होते? ध्येय मोठं असेल तर मरावं लागतं, आणि तसं मरणं सुंदर असतं?

म्हणून मी ती गोष्ट पुन्हा वाचायला घेतली. तेव्हा जिद्दीच्या शेजारी मला अटी दिसायला लागल्या. शिकायचं ही पहिली इच्छा गोपाळरावांची. त्यासाठी लहानपणी आपण मार खाल्ला, हे आनंदीबाईंनीच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला पत्रात लिहिलं. जायच्या आधीपासून डोकेदुखी, ताप, धाप यांनी त्या हैराण होत्या. अमेरिकेतल्या मिसेस कार्पेंटर औषधं पाठवत होत्या. तरीही १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या सभेत त्यांना लोकांना वचन द्यावं लागलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदूच परत येईन. (हे श्रीरामपूर बंगालमधलं.) वचन पाळायचं म्हणजे काय, तर परक्या देशातही शाकाहारच, आणि फिलाडेल्फियाच्या थंडीतही लुगडंच.

इथे मला सावधपणे बोललं पाहिजे. क्षय जंतूंमुळे होतो. तो जंतू कॉखने १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. तेव्हा त्यांनी विश्रांती घेतली असती तर वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. पण पुरेसं अन्न, ऊब आणि झोप नसेल तर शरीर झुंजणार कशाच्या जोरावर? समाजाने परवानगी दिली, ती अटी घालून. अटींची किंमत मात्र एकट्या बाईच्या शरीराने भरली. आणि आपण त्या भरण्यालाच जिद्द म्हणून मोकळे झालो.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. आनंदीबाई गेल्या त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता. ४ मार्च १८८७ ला मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. आनंदीबाईंपेक्षा त्या काही महिन्यांनीच मोठ्या. त्यांची जिद्द कमी होती असं कोण म्हणेल? पण त्यांच्या मागे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घर होतं. वडील १८८५ मध्ये गेले, तरी खटल्यासाठी माणसं उभी राहिली, समिती झाली. डॉ. एडिथ पेची यांच्यासारखी डॉक्टर बाई पाठीशी होती. १८८८ मध्ये तडजोड झाली, मग रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला वर्षानुवर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. १९५५ साली नव्वदी पार करून गेल्या.

एक गेली, एक जगली, यात नशिबाचाही वाटा आहे. पण मला एवढं दिसतं की रखमाबाईंचं ओझं वाटून घेतलं गेलं. आणि आपण सभांमध्ये गोष्ट कुणाची जास्त सांगतो? जी लवकर गेली तिची. जी वर्षानुवर्षं रोज सकाळी उठून दवाखान्यात गेली, तिची फारशी नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायला जड जातेय.

आमच्या गटात एक तरुण मुलगी होती. वस्तीत राहणारी, धडाडीची. घरी पाणी भरून, स्वयंपाक उरकून कामावर यायची, रात्री वस्तीत भांडण झालं तरी लोक तिलाच हाक मारायचे. एका मोर्च्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, 'ताई, मला फार अंगावरून जातंय, चक्कर येते, उद्या नको.' मी म्हणाले, 'अगं, आम्ही तर ताप अंगावर काढून पोलीस चौकीत रात्री काढल्यात.' ती आली. मोर्चाही झाला, फोटोत ती पुढेच आहे. महिन्याभराने तिने काम सोडलं. मी सगळ्यांना सांगत फिरले की हल्लीच्या मुलींत ती तळमळ नाही.

पुढे मलाच रक्तस्राव सुरू झाला. दीड वर्ष मी कुणाला सांगितलं नाही. एका शिबिरात फळ्यासमोर बोलता बोलता कोसळले. दवाखान्यात रक्त चढवायची वेळ आली. शिबिराचा विषय काय होता? 'आपलं शरीर, आपला हक्क'. हसा, हसा. मीही हसले, पण तिथल्या कॉटवर पडल्या पडल्या मला त्या मुलीचा चेहरा दिसत राहिला. तिला अट घालणारी मीच होते. 'इथे राहायचं तर दुखणं घरी ठेवून ये', हीच ती अट.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. म्हणजे या खोलीतही तेच असणार. बाळंतपणाच्या रजेचा कायदा २०१७ मध्ये सुधारला, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळाली. पण तो लागू होतो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. आपले कितीतरी गट चार-पाच जणींचे, तेही मानधनावर. दुसऱ्यांच्या मालकांना आपण जाब विचारतो. आपल्याकडे रजेचं पुस्तक तरी आहे का?

कुणीतरी म्हणेल, रात्री अकराला मार खाऊन बाई दारात आली तर काय सांगायचं, आज माझी विश्रांती आहे? नाही. दार उघडायचंच. पण दर वेळी एकाच बाईने का? पाळ्या लावा. रात्रीच्या प्रसंगी दोघी जा, दुसऱ्या दिवशी दोघींना सुट्टी. बैठकीच्या सुरुवातीला कामाचा अहवाल घेतो, तसं प्रत्येकीला विचारा, झोप होते का, तपासणी केलीस का, घरी काय चाललंय. मानधनाच्या अंदाजपत्रकात औषधपाण्याची ओळ घाला. निधी देणाऱ्यांना ती नको असेल तर भांडा, भांडता येतं आपल्याला! आणि जी 'आज नको' म्हणेल, तिच्या तळमळीचं माप काढू नका.

ध्येय कमी करा असं मी सांगत नाहीये. मला अजून खूप काम करायचं आहे. म्हणून तर दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घेते. आनंदीबाईंची गोष्टही मी सांगत राहणार. फक्त आता शेवटी टाळ्यांसाठी थांबणार नाही, विचारणार आहे की हिचं ओझं कोण कोण उचलू शकलं असतं?

त्या मुलीकडे मी गेल्या महिन्यात जाऊन आले. माफी मागितली. ती म्हणाली, 'ताई, चहा घ्या आधी.' परत येणार का, ते मी विचारलं नाही. तिने ठरवायचं आहे. तोवर ती येईल त्या दिवशी रजेचं पुस्तक टेबलावर असावं, एवढं तरी आपण करू या.